बुधवारची होडी

हॉटेलच्या हिरवळीवर, कारंज्याच्या बाजूला, डोलकाठीला रंगीत दिव्यांची माळ गुंडाळून जी होडी उभी केलीय ना, ती मी. जेवण यायला उशीर झाला की लोक माझ्यावर चढून फोटो काढतात. तुम्ही मात्र मघापासून नुसतेच बसला आहात, म्हणून म्हटलं, जरा बोलावं.

मी साधी होडी नाही, कॅटमरान आहे. दोन सडपातळ होड्या, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्या आणि मधे ताणून बांधलेली जाळी. माणसं त्या जाळीवर बसतात. ना छप्पर, ना खोली. लपायला जागाच नाही. तरीही एक माणूस सहा वर्षं माझ्यावर येऊन लपत होता. त्याचीच गोष्ट सांगते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. नाकाला फडकं बांधलेल्या एका कारागिरानं मला थरावर थर चढवून घडवलं. शेवटचा हात फिरवून झाल्यावर तो म्हणाला, "ही पळणार." बाळाचं कौतुक करावं तसा म्हणाला. मी ते खरं मानून बसले.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. मोठ्या हौसेनं मला तळ्यावर आणलं, टोपी घालून फोटो काढले, आणि तिसऱ्याच फेरीला मी कलंडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या त्या माणसाच्या तोंडात तळ्याचं पाणी गेलं. तो पुन्हा फिरकलाच नाही. दोन वर्षं मी ताडपत्रीखाली पडून होते. गांधीलमाश्यांनी माझ्यात संसार थाटला.

मग एक्स-रेवाला आला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. बारीक अंगाचा, हळू आवाजाचा माणूस. दिवसभर लोकांना सांगायचं, "श्वास रोखा. सोडा आता." पहिल्याच दिवशी शिडात वारा भरला, माझी उजवी होडी पाण्याबाहेर उचलली गेली आणि मी कारागिराच्या शब्दाला जागले. तो आधी घाबरला, मग मोठ्यानं हसला, आणि हसता हसताच रडायला लागला. किनाऱ्यावर आल्यावर बोटक्लबच्या म्हाताऱ्या रखवालदाराला म्हणाला, "काका, वर्षभरानं आज मोकळा श्वास घेतला बघा."

त्याचं कारण काकांनी हळूहळू काढून घेतलं, तसं मलाही कळलं. त्याला एकुलती एक लेक. बारा वर्षांची असताना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण बाकी फारसं काही वाचलं नाही. चालणं गेलं, बोलणं गेलं, वरचेवर झटके यायचे. भरवायचं, न्हाऊ घालायचं, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. घरात तिला अजून छकुली म्हणत. छकुली आईच्या खांद्याएवढी झाली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मन रमेल असं काहीतरी करा, नाहीतर कोलमडाल. एक्स-रेवाल्यानं ते मनावर घेतलं. दर रविवारी तीन तास तो माझ्याकडे येऊ लागला. पुढं तळ्यातल्या बेटावर चहा करायला छोटा स्टोव्ह आणला. दुर्बीण आणली. पक्ष्यांची वही केली. टेकडीवर चढून यायचा, गवतात उताणा पडायचा. चेहऱ्यावर तकाकी आली. वजनही थोडं वाढलं.

मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू? वाटायचं, एका दुःखी माणसाला मी तारतेय.

मग बुधवार सुरू झाले.

दवाखान्यात त्याला रविवारखेरीज बुधवारीही दुपारनंतर सुट्टी मिळू लागली. ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नाही. मला ती कळली ती त्याच्या फोनवरून. आम्ही तळ्याच्या मधोमध होतो. आजूबाजूला माणूस नाही, दोन पाणकावळे तेवढे पंख वाळवत बसलेले. तो फोनवर म्हणाला, "अगं, आज उशीर होईल. इथं पाय ठेवायला जागा नाही, इतकी गर्दी आहे."

पाणकावळ्यांकडे बघत, शांतपणे. मला वाटलं, एखाद्या वेळी होतं असं. पण ते चार वर्षं चाललं.

त्याच्या बायकोला मी तोवर पाहिलंही नव्हतं. ती घरी असते, एवढंच ठाऊक. एकदा काकांनी विचारलं, "वहिनींना आणा की कधीतरी."

"तिला नाही आवडत हे सगळं," तो म्हणाला. "तिचा जीव लेकीतच."

मीही विश्वास ठेवला. माझ्यावर एवढा जीव लावणारा माणूस कशाला खोटं बोलेल?

एका रविवारी ती आली. उजवा हात प्लास्टरमध्ये. तिची नणंद त्या दिवशी छकुलीजवळ बसली होती. एक्स-रेवाला तिच्यामागून खाली मान घालून चालत होता. धक्क्यावर येताच त्यानं तिच्यापुढं लाइफ जॅकेट धरलं.

"मला जॅकेट घालतोस?" ती म्हणाली.

"नियम आहे गं."

"तुला पोहायला कुणी शिकवलं?"

त्यानं जॅकेटचे बंद सोडवून दिले. प्लास्टर सांभाळत तिनं जॅकेट घातलं. काका बघतच राहिले. लग्नाआधी ती पोहण्याच्या तलावावर शिकवायची. पाण्याला भिणारा एक बारीकसा मुलगा तिच्या शिकवणीला आला, तिच्या हातांवर तरंगायला शिकला आणि पुढं तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. छकुली आजारी पडली तेव्हा तिनं ते काम सोडलं. सात वर्षांत ती गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरली नव्हती.

आम्ही निघालो. तो मला जपून चालवत होता, अंड्यांची पाटी नेल्यासारखा.

"नेहमी अशीच चालवतोस?"

"नाही."

"मग नेहमीसारखी चालव."

त्यानं दोर ओढला. शीड भरलं, माझी एक होडी वर उचलली गेली, पाण्याचे सपकारे जाळीतून उडू लागले. ती मागं रेलली. डोळे मिटले. मग डोळे न उघडता तिनं सांगायला सुरुवात केली.

"त्या बुधवारी छकुलीला आंघोळ घालत होते. तिला झटका आला. मी तिला डोकं आपटू दिलं नाही. तिच्याखाली मी आले. मनगट मोडलं हे लगेच कळलं मला. तरी आधी तिला कोरडं केलं, एका हातानं कपडे घातले, मग तुला फोन लावला. तू उचलला नाहीस."

"इथं रेंज नव्हती गं."

"मला वाटलं, गर्दी असेल. शेजारीण बसली तिच्याजवळ. मी रिक्षानं तुझ्याच दवाखान्यात आले. तुझ्याच खोलीत. तुझ्या हाताखालच्या मुलीनं माझा एक्स-रे काढला. बिचारी मला म्हणते, 'सर घरीच असतील ना? बुधवारी दुपारी ते नसतातच.'"

वारा चांगला होता. मी पळत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पळायची लाज वाटली.

"मी तिला काय म्हणाले माहितेय?" ती म्हणाली. "म्हटलं, हो, घरीच आहेत. तुझी लाज मी झाकली. मोडक्या हातानं."

तो रडायला लागला. "मी कोलमडलो असतो गं. डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर आपल्या दोघांना म्हणाले होते. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते." ती सरळ बसली. "होडी घेतलीस म्हणून मी रागावले नाही. रविवारी तू हसत घरी यायचास, तेव्हा मला बरं वाटायचं. बुधवार मागितला असतास तर तोही दिला असता. तू चोरलास. आणि सहा वर्षांत एक, एकच रविवार मला देऊन बघावासा वाटला नाही तुला. उलट जगाला सांगत सुटलास, तिला आवडत नाही."

तो हुंदके देत होता. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. फक्त म्हणाली, "सुकाणू सोड. धड चालवत नाहीयेस." आणि डाव्या हातानं दांडा धरला.

मला माणसं फारशी कळत नाहीत, पण हात कळतात. एक्स-रेवाला मला हाकत असे. ती पाण्याचं ऐकत होती. दोन वळणांत तिला माझी खोड सापडली, जी त्याला सहा वर्षांत सापडली नव्हती. डावीकडं वळताना मी जरा अडते. वळायच्या आधी तिनं त्याला शीड किंचित सैल सोडायला लावलं की मी लोण्यातून सुरी जावी तशी वळायचे.

धक्क्यावर उतरताना तो म्हणाला, "प्लास्टर निघालं की दर रविवारी तू ये. मी बसेन छकुलीजवळ." ती नुसतं "बघू" म्हणाली.

पण आली. एकटी, बसनं, खांद्याला पिशवी लावून. पहिल्या रविवारी तिनं मला तळ्याच्या मध्यावर नेलं, शीड उतरवलं, आणि जाळीवर आडवी होऊन झोपली. पोहायला नाही, पक्षी बघायला नाही, चक्क झोपायला आली होती ती. तासभर मी तिला जागच्या जागी डोलवत राहिले. सात वर्षांत तिला कुणी हाक न मारता मिळालेला तो पहिला तास. जागी झाली तेव्हा गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. तिनं ते हातानं चाचपले आणि एकटीच खुदकन हसली.

दुसऱ्या रविवारी ती पोहली. कंबरेला दोर बांधून माझ्याभोवती फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. मनगट दुखत होतं, तरी थांबली नाही.

तिसऱ्या रविवारी फोन वाजू लागला. "जेवत नाहीये का? थोडं थांब, मग भरव." पुन्हा वाजला. "निळी बाटली. निळी. फडताळात वरच्या कप्प्यात." पुन्हा वाजला. "रडतेय म्हणजे कुशीवर वळव." पाचव्यांदा वाजला तेव्हा तिनं फोनकडे बराच वेळ बघितलं, मग उचलला. सहाव्यांदा वाजला तेव्हा काही न बोलता मला किनाऱ्याकडे वळवलं.

त्याच आठवड्यात एक्स-रेवाला एका हॉटेलच्या मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरनं माझ्या डोलकाठीवर टिचकी मारली. "शोपीस म्हणून झकास दिसेल."

काकांना राहवलं नाही. "वहिनींना सांगितलंत?"

"तिच्यासाठीच करतोय, काका. या होडीपायी घर मोडत होतं माझं. आता सगळे रविवार, सगळे बुधवार घरीच. तिला संध्याकाळी सांगणार आहे. केवढा आनंद होईल तिला!"

ती संध्याकाळ काही उगवली नसावी. कारण रविवारी सकाळी हॉटेलचा टेम्पो मला न्यायला आला आणि पाठोपाठ बसमधून ती उतरली, पिशवी घेऊन.

काकांनी सांगितलं. तिनं तिथंच उभं राहून फोन लावला. मला तिच्याच बाजूचं ऐकू येत होतं.

"होडी विकलीस? ... माझ्यासाठी? ... नाही, ओरडत नाहीये. ... अरे, मग मला विचारायचं होतंस ना. ... हो, कळलं. तू सोडलीस. फार मोठी गोष्ट केलीस. ... नाही, मला नाही झाला आनंद. ... तिला बारा वाजता औषध दे. ... असू दे, मीच येते."

टेम्पोवाले माझी डोलकाठी उतरवायला लागले होते. चुकीच्या बाजूनं. ती पुढं झाली. "असं नाही. आधी हा दोर सोडा, नाहीतर डोक्यात पडेल कुणाच्या तरी." आणि मग तिनंच माझा एकेक भाग सुटा केला. शीड घडी घातलं. सुकाणू काढून फडक्यात गुंडाळलं. जाळीच्या गाठी एकेक करून सैल केल्या. मनगट मधेच धरून बसायची, पुन्हा हात घालायची. तिला रडू आलं नाही. मलाही काही करता आलं नाही. टेम्पो सुरू झाला तेव्हा ती परतीच्या बसकडे धावत होती. औषधाची वेळ होत आली होती.

तेव्हापासून मी इथं आहे. पाण्याचा संबंध म्हणाल तर कारंज्याचे शिंतोडे. उन्हानं अंगाला भेगा पडल्यात. जाळीच्या जागी फळ्या ठोकल्यात, म्हणजे लोकांच्या चपला अडकायला नकोत. संध्याकाळी जोडपी येऊन बसतात आणि म्हणतात, "किती शांत वाटतं ना इथं!"

गेल्या महिन्यात एक्स-रेवाला आला होता. दवाखान्यातल्या कुणाच्या तरी बढतीचं जेवण होतं. त्यानं मला लगेच ओळखलं. माझ्या पाठीवर हात ठेवून तो सगळ्यांना सांगू लागला. "ही माझी. सहा वर्षं चालवली. जीव होता माझा हिच्यात. पण बायको आणि लेकीसाठी सोडली. संसार म्हटलं की सोडावं लागतं काहीतरी." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. आता त्याला सगळं तसंच आठवतं. सगळे हळहळले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "असा नवरा मिळायला नशीब लागतं हो!"

त्यांच्यात ती त्याच्या हाताखालची मुलगीही होती, जिनं त्या बुधवारी एक्स-रे काढला होता. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग ताटात बघून जेवू लागली.

माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. मला पुन्हा पाण्यात सोडा, असं म्हणत नाही, या भेगांनी मी तरंगणारही नाही. पण तुम्ही परत कधी इथं जेवायला आलात आणि कुणी माझ्याकडे बोट दाखवून एका भल्या माणसाच्या त्यागाची गोष्ट सांगायला लागलं, तर माना डोलवू नका. एवढंच विचारा, "आणि ती? रविवारी ती कुठं जाते?"