तुळसाआजी सवाष्ण गेल्याची नोंद

आजी वारल्याचं आम्हाला मंगळवारी कळलं. ती तेव्हा माझ्या शेजारीच बसलेली, डायलिसिसच्या रांगेत, बिस्कीट खात.

सेंटरचा कंप्युटरवाला म्हणाला, "सरकारी योजनेचं कार्ड बंद झालंय. मृत्यूच्या नोंदींशी यादी ताडून पाहिली, त्यात यांचं नाव आलं."

"मग रोख घ्या."

"कसं घेणार? रेकॉर्डला मयत आहेत. मशीनवर काही झालं तर काय लिहू, परत वारल्या?"

दुसऱ्या सेंटरवरही तेच उत्तर. आज शुक्रवार. आजीचे पाय चपलेत मावत नव्हते आणि शहाडहून रिक्षाने येताना तिला एकेक वाक्य दोन श्वासांत बोलावं लागत होतं. डॉक्टरांनी तीनची पाळी राखून ठेवलेली. ही चुकली तर छातीत पाणी भरेल, हे मला बाजूला घेऊन सांगितलेलं. कल्याणला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं. दीडला जेवणाची सुट्टी.

खिडकीत मंदाकिनी मॅडम. त्यांनी फाइल काढून वाचलं, "मयत, तुळसा. माहिती देणारे, पती परशुराम. अंगठा आहे त्यांचा."

चार महिन्यांपूर्वी आजोबा घरीच गेले. फॉर्म मीच भरलेला. बाराव्याच्या वड्यांना पीठ किती, यावर तीन काका माझ्या डोक्याशी भांडत होते आणि मी दोघांची नावं उलट्या रकान्यांत उतरवली. अंगठा आजीचा होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं अक्षर कुणालाच लागलं नाही. दाखला आला तो कुणी वाचला नाही, लॅमिनेट मात्र लगेच केला.

"चूक माझी आहे, मॅडम. आजी ही काय, बाकावर बसलीये."

"दिसतायत. पण नोंद बदलायला ज्यांनी माहिती दिली त्यांनाच यावं लागेल."

"ते वारले."

"रेकॉर्डला हयात आहेत."

"म्हणजे मेलेल्या माणसाने येऊन सांगायचं, की ही जिवंत आहे?"

"आवाज खाली. मलाही ऐकायला विचित्रच वाटतंय."

एक वीस. मॅडमनी फाइल शेवटपर्यंत उलटली. तळाशी स्मशानभूमीची पावती, निळ्या शाईत: परशुराम.

"हे आधी सांगायचं ना!" म्हणत त्या टाइप करायला लागल्या. परशुराम मयत, तुळसा हयात, माहिती देणार पत्नी. "आजी, इथे अंगठा."

आजीने हात पदराखाली घेतला. "कनाला?"

"कशाला काय, अगं, तू जिवंत होशील."

"म्हंजे त्या कागदावर... मी त्याच्या आधी गेले?"

"हो."

"सवाष्ण?"

मी मान डोलावली.

"बायका त्यासाठी जन्मभर उपास करतात," आजी धापा टाकत म्हणाली. "मना फुकट मिललं. राहू दे, बाला."

"आजी, आज मशीन मिळालं नाही तर खरीच मरशील."

"मग? दाखला तयारच हाय."

एक पंचवीस. मी मॅडमकडे बघितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "आजी, तुम्ही आधी गेलात म्हणता. मग रेकॉर्डला ते चार महिने एकटेच राहतायत."

"कोन?"

"तुमचे मालक. त्यांचं कोण बघतं?"

आजोबांना आयुष्यात गॅस पेटवता आला नव्हता. घड्याळाचा काटा एकदा हलला, दुसऱ्यांदा हलला.

"च्या पन नाय येत त्याला करता," आजी म्हणाली आणि पदराखालून हात बाहेर काढला.

अंगठा उमटला तेव्हा एक एकोणतीस. आम्ही आणलेल्या जुन्या दाखल्यावर 'रद्द'चा शिक्का मारायचा होता.

"मागनं मार, बाई," आजी म्हणाली. "नावावर नको."

मॅडमनी मागे, कोपऱ्यात मारला. लॅमिनेशनवर शाई धरली नाही, नुसती पसरली. मग डबा न उघडता त्या कार्ड चालू करून घ्यायला फोन लावत बसल्या.

सेंटरवर पोचलो तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी. आजीने ओळख पटवायच्या यंत्रावर अंगठा ठेवला. लाल. अंगठ्याला शाई होती. माझ्या शर्टाला पुसला. लाल. थुंकी लावून पुसला. हिरवा.

सुई टोचताना नर्सचा हात उशीखाली कशाला तरी लागला. "आजी, हे काय प्लास्टिकचं?"

"माजा दाखला," आजी म्हणाली. "वाकवू नको. पुढं लागंल."