नावाआडचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. पण गुडघ्यातला नव्हे. बेंबळी गावच्या तुळजाबाईंच्या मेंदूत दोन पेशींमध्ये डोळ्यांना न दिसणारी एक फट आहे. तिथे त्या दोघींना जोडतो तो मी. माझ्यासारखे असंख्य सांधे तिथे आहेत, म्हणून स्वतःविषयी बोलताना संकोच वाटतो.

माझा जन्म तुळजाबाईंच्या लग्नानंतरचा. त्यांच्या मालकांचं नाव बलभीम. ते तोंडाने घ्यायचं नाही, ही रीत. कोणी विचारलं की त्या म्हणत, "देवळातल्या मारुतीचं नाव हाय की!" बलभीम हे मारुतीचंच नाव ना!

नवरा आठवला की माझ्या अलीकडची पेशी जागी होई आणि फटीत रसायनाचे थेंब सोडी. त्याच वेळी पलीकडची 'मारुती' म्हणायला जागी होई. दोघी अशा बरोबरीने जाग्या झाल्या की पलीकडच्या काठावर थेंब झेलणारी दारं वाढत आणि पुढचा निरोप सहज पोचे. हेच माझं बळ. रेशनच्या दुकानात, बारशाला, बँकेत माझ्यावाचून चालत नसे.

पुढे सारं गाव ओळखीचं झालं. नाव विचारणारंच कोणी उरलं नाही. वापर थांबला, तशी माझी दारं एकेक करून कमी झाली.

यंदा तुळजाबाईंच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. धाराशिवच्या दवाखान्यात त्या नुसत्या पडून होत्या. आई आपल्याला विसरली, या धास्तीने लेक दीपमाला जेवतही नव्हती. लांबच्या शहरातून आलेल्या तरुण डॉक्टरांनी बलभीमरावांकडून नाव आधीच विचारून घेतलं होतं. ते वाकून म्हणाले, "आजी, मालकांचं नाव काय?"

थेंब आले. माझी उरलीसुरली दारं उघडली.

"मारुती," तुळजाबाई पुटपुटल्या.

"चुकलं," डॉक्टर दीपमालाला हळूच म्हणाले. "आठवणीला धक्का बसलेला दिसतोय."

"काय म्हणली आई?"

"मारुती."

दीपमालाला रडता रडता हसू फुटलं. "अवो साहेब, बराबर हाय की! बलभीम म्हंजी मारुतीच. आई नाव घेत न्हाय त्यांचं!"

डॉक्टरही हसले. माझा जीव भांड्यात पडला.

बलभीमरावांनी उपरण्याने डोळे पुसले. "लई घाबरवलंस गं. आता तरी घे की नाव!"

"तुमी तरी... कुठं घेता माझं?" तुळजाबाई अडखळत म्हणाल्या. "जन्मभर... अगं ए!"

"रोज बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले. "बोलाल तसं पुन्हा जुळत जाईल."

ते गेल्यावर बलभीमरावांनी लेकीची पाठ वळलेली पाहिली आणि हळूच म्हटलं, "तुळजा."

माझ्या शेजारी तेव्हा एक नवा सांधा जुळू लागला. मालकांच्या आवाजात आपलं नाव तुळजाबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं.

मित्रांनो, आम्हांला फार काही लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज काहीतरी विचारा. आणि उत्तर आडवळणाने आलं, तर चूक म्हणण्याआधी थोडं थांबा.