वाटाड्याचं लायसन

हितेंद्र गावडेला पोहता येत होतं, होडी वल्हवता येत होती, बुडणाऱ्याकडे दोर अचूक फेकता येत होता. प्रथमोपचाराच्या परीक्षेत तर त्याने रबरी बाहुल्याची छाती इतक्या मनापासून दाबली की बाहुला फाटला. एवढं सगळं येऊनही नदीवर गळ टाकायला माणसं नेण्याचं लायसन त्याला दोनदा नाकारलं गेलं होतं, आणि कारण सांगताना त्याची त्यालाच लाज वाटायची. त्याला सूचना वाचता येत नव्हत्या.

अहो, निरक्षर नव्हता तो. पंधरा वर्षं परळच्या एका हॉस्पिटलात स्टोअर सांभाळत होता. पण होडी सुटण्याआधी वाटाड्याने अकरा सुरक्षा सूचना खणखणीत आवाजात द्यायच्या आणि प्रत्येक सूचनेला गिऱ्हाइकांनी तोंडाने होकार द्यायचा, असा नवा नियम निघाला होता. छापील कागद हातात घेऊन चारचौघांत उभा राहिला की हितेंद्रची बोबडी वळायची. पहिल्या वेळी तो 'सर्व सहभागींनी' इथे अडकला. दुसऱ्या वेळी 'सर्व'च्या पुढे सरकलाच नाही.

आता तिसरी आणि शेवटची संधी. ही हुकली की आजवर बिनलायसनचा चाललेला नदीवरचा रविवार कायमचा बंद. बाकीचे सहा दिवस हॉस्पिटलात त्याला कोणीही येऊन अक्कल शिकवायचं. रविवारी होडीत मात्र सूटबूटवाले लोक त्याला विचारून हलायचे.

परीक्षेला खोटी गिऱ्हाइकं आपली आपणच आणायची होती. बायकोने, म्हणजे दर्शनाने, नायगावच्या बीडीडी चाळीतला अख्खा मजला बसमध्ये चढवून परळच्या सरकारी ऑफिसात आणला. हितेंद्रचे सासरे अण्णा, शेजारची बेबीमावशी आणि वर आणखी नऊ जण. सगळे लाइफ जॅकेट चढवून खुर्च्यांवर ओळीने बसले. नारिंगी रंग आपल्याला शोभत नाही, दुसरा दाखवा, असं बेबीमावशीने शिपायाला दोनदा सांगून पाहिलं.

परीक्षक वैशाली परब मॅडमनी फाइल उघडली. "करा सुरू, गावडे."

हितेंद्रने कागद उचलला. "सर्व..."

पंखा गरगरत होता. बेबीमावशीने पदराने जॅकेटच्या आत वारा घातला. "स... सर्व..." हितेंद्रला दरदरून घाम फुटला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

अण्णांना राहवेना. "हितू, तो कागद ठेय खाली. देवाफुडे बोलतस तसो बोल."

आमच्या कोकणी घरांत कुठलंही कार्य काढलं की एकाने हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांच्या अडीअडचणी त्याच्या कानावर घालायच्या आणि दर मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं, ही रीत. मजल्यावर हे काम हितेंद्रचं. तिथे त्याची जीभ एकदाही अडखळली नव्हती.

त्याने कागद ठेवला, डोळे मिटले, हात जोडले. "बा देवा महाराजा..."

"व्हय महाराजा." अकराही जण खुर्च्यांवरून उठले.

"आज ही जी काय तुझी लेकरां नदीर गळ टाकूक इली हत, तेंच्या अंगातला जाकीट पाण्याभायर येयपर्यंत सुटाक देऊ नको रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"धरणाचा पाणी सोडल्याचो भोंगो वाजलो, तर गळ, मासो, डबो थयच टाकून तेंका वर पळाची बुद्धी दी रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"कोण दारू पिऊन होडयेत चढात, तर तेका काठारच उतरव रे महाराजा."

याला चाळीतल्या बायकांनी जरा जास्तच जोर लावला. शेजारच्या खात्यातले कारकून दारात जमले. हितेंद्र सुटलाच होता. अकरा सूचना संपल्या तरी थांबेना, कारण गाऱ्हाण्यात समोरच्या कोणाला वगळायचं नसतं. त्याने एक डोळा किलकिला केला. मॅडम एका हाताने गुडघा दाबत होत्या.

"आणि ही जी मॅडम हयसर बसली हा, तिच्या गुडघ्याची पीडा टाळ, तिका जिने चढाक बळ दी रे महाराजा."

"व्हय महाराजा," चाळ म्हणाली. मॅडमही म्हणाल्या. कोकणातल्या परबच त्या, तोंडातून आपसूक निघून गेलं.

हितेंद्रने डोळे उघडले आणि आपण काय करून बसलो ते कळून घाईघाईने कागद पुन्हा उचलला. मॅडमनी अकराच्या अकरा चौकोनांत खुणा केल्या आणि शिक्का उचलला.

"मंजूर," त्या म्हणाल्या. "पण मंजूर झालेल्या सूचनांमधला एक शब्दही नंतर बदलता येत नाही. नियम आहे."

"म्हणजे मॅडम, ता शेवटचा..."

"तेही सूचनांतच धरलंय मी." आणि त्यांनी शिक्का मारला.

हितेंद्र तिथेच सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

त्या रविवारी नदीकाठी परळच्या टॉवरमधले चौदा ऑफिसर जॅकेटं घालून, हात जोडून उभे होते आणि घाबरत घाबरत 'व्हय महाराजा' म्हणत होते. शेवटच्या मागण्याला त्यांचे साहेब राजेश यांनी भीत भीत हात वर केला. हा गुडघा कोणाचा, असं त्यांना विचारायचं होतं.

"साहेब, सेफ्टीचा नियम आहे," हितेंद्र म्हणाला. "तुम्ही म्हटल्याशिवाय होडी सुटणार नाही."

साहेबांनी हात जोडले.