पामेलाचे वाटाणे

आमच्या मार्टिनला डुकराचं मांस किती आवडतं हे वसईत विचारलंत, तर गल्लीतलं कुत्रंसुद्धा सांगेल, कारण त्याच्या ताटातलं हाड त्या बिचाऱ्याच्या वाट्याला कधी आलं नाही. आणि हाच माणूस मस्कतमध्ये दोन नाताळ शुद्ध शाकाहारी म्हणून वावरला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मार्टिन मस्कतच्या रुवी भागात एका इंग्रजी कंपनीत ड्राफ्ट्समन होता. साहेबाचं नाव ग्रॅहम, त्याच्या बायकोचं पामेला. नाताळच्या दुपारी साहेबाच्या बंगल्यावर जेवण असे. ऑफिसातले सगळे गोरे जात आणि नंतर आठवडाभर तिथल्या भाजलेल्या डुकराच्या गोष्टी सांगत. मार्टिन घरी येऊन त्याच गोष्टी मला ऐकवी. त्याला मांस हवं होतंच, पण त्याहून जास्त त्या टेबलाशी एक खुर्ची हवी होती. तो हे कबूल करत नसे. नवऱ्याच्या मनातलं ओळखायला बायकोला काही पंचांग लागत नाही.

एका वर्षी बोलावणं आलं. मार्टिनने लग्नातला सूट काढला, मी नवा फ्रॉक शिवला. दारातच पामेलाचा चेहरा पडला. "साडी नाही नेसलीस?" मग तिने मला गोठ्यातला बाळ येशू म्हणजे कोण ते प्रेमाने समजावून सांगितलं. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बाप्तिस्मे झालेत, पण पाहुणी म्हणून गेले होते, ऐकून घेतलं.

टेबलावर डुक्कर आलं. वरची कातडी अशी कुरकुरीत की सुरी लागली की आवाज यावा. मार्टिनने रुमाल मांडीवर पसरला. तेवढ्यात पामेलाने आमच्या दोघांपुढे झाकलेला एक वाडगा ठेवला.

"तुमच्यासाठी वेगळं केलंय. भारतीय माणूस मांसाला शिवत नाही, मला माहीत आहे."

आत उकडलेले वाटाणे होते, वर पिवळी करी पावडर भुरभुरलेली. सगळं टेबल कौतुकाने आमच्याकडे बघत होतं. मार्टिनने डुकराकडे पाहिलं, वाटाण्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "थँक यू, मॅडम. किती लक्षात ठेवलंत."

मी टेबलाखालून लाथ मारली. ती ग्रॅहमला लागली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात मार्टिनचा साधुपुरुष झाला. कुणाची पाठ धरली की विचारायला मार्टिनकडे. हा म्हणे, दीर्घ श्वास घ्या. मार्टिन कधी चिडत नाही, याचं श्रेयही शाकाहाराला गेलं. अहो, जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर काकडीचं सँडविच खाणाऱ्याच्या अंगात चिडायला जोर कुठून येणार? बायको आईवडिलांनीच निवडली असेल ना, असंही कुणी विचारलं. आम्ही गावच्या सणाला नाचता नाचता एकमेकांना गटवलं होतं आणि माझा बाप छत्री घेऊन याच्यामागे धावला होता. पण हा त्यालाही हो म्हणाला.

"एकदाच खरं सांगून टाक," मी म्हणाले.

"खरं सांगितलं तर खुर्ची जाईल, फ्लाविया."

"ती खुर्ची तुझी आहे की त्या वाटाण्यांची?"

तो चपला शोधत राहिला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

पुढच्या नाताळला टेबलावर डुक्करच नव्हतं. सगळ्यांपुढे वाटाणे. पामेला उभी राहून म्हणाली, "मार्टिनकडे बघून मी ठरवलं, आजपासून या घरात मांस बंद." टाळ्या पडल्या. ग्रॅहमने टाळ्या वाजवल्या नाहीत.

मस्कतमधल्याच कुरम भागातल्या एका सुपरमार्केटात मागे डुकराचं मांस विकणारी एक बारकी खोली होती. दारावर पाटी, फक्त मुस्लिमेतरांसाठी. मार्टिन आता तिथे चोरासारखा जाई आणि मी बाहेर कांद्यांपाशी पहारा देई. गोरं माणूस दिसलं की खोकायचं, असं ठरलं होतं. त्या दिवशी मला खोकायची वेळच आली नाही, कारण ग्रॅहम आधीपासून आत होता. फ्रीजरपाशी दोघं समोरासमोर आले. दोघांचेही हात पाठीमागे.

"कुत्र्यासाठी नेतोय," ग्रॅहम म्हणाला.

"आम्हीपण," मार्टिन म्हणाला.

कुत्रा दोघांकडेही नव्हता. आधी ग्रॅहम हसला, मग मार्टिन. बाहेर मला दोघांच्या हसण्याचा आवाज आला आणि मी उगाचच खोकले.

त्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिसा आटोपल्यावर, साहेब आमच्या दोन खोल्यांत जेवायला आला. मी सासूबाईंनी वसईहून पाठवलेला बाटलीतला मसाला घालून डुकराचं तिखट, आंबट इंद्याल केलं होतं. साहेबाच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण ताट पुढेच. मग दर शुक्रवारी तो येऊ लागला. घरी सांगायचा, मार्टिनकडे ध्यान शिकतो.

ध्यानाने नवऱ्याचं वजन वाढतंय हे बायकोच्या लक्षात आलं नाही. उलट तिलाही शिकावंसं वाटलं. एका शुक्रवारी दार उघडलं, तर समोर पामेला, काखेत गुंडाळलेली चटई.

ग्रॅहमच्या हातात हाड होतं. ते खाली न ठेवताच तो म्हणाला, "डार्लिंग, यांच्यात पाहुण्याने नाही म्हणायचं नसतं."

पामेलाने मार्टिनकडे कळवळून पाहिलं. "या बिचाऱ्याला तू तुझ्यासाठी मांस शिजवायला लावलंस?"

सुटायची वाट आयती समोर होती. मान हलवली की साधुपण शाबूत, खुर्ची शाबूत. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली होती, ती मी गिळली. हे त्याचं त्यानेच सांगायचं होतं.

मार्टिनने स्वतःचं ताट पुढे ओढलं. "मॅडम, हे आम्ही आमच्यासाठी केलंय. माझा बाप खायचा, आजा खायचा. आणि तुमच्या वाटाण्यांइतकं वाईट मी जन्मात काही खाल्लं नाही."

"मग पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर पुन्हा बोलावलं असतंत?"

पामेला कानापर्यंत लाल झाली. पण खोटं ती बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगते. मी खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि तिच्या घरी आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं ते तिला विचारलं.

"तुम्ही काय खाता?"

तिने चटई भिंतीला टेकवली. ताठ बसली. मग पातेल्याकडे पाहिलं.

"मी मांस सोडलंय. नुसता रस्सा वाढ."

मी पातेल्यात डाव घातला.

"आणि रश्शाबरोबर एखादा तुकडा आला," ती हळूच म्हणाली, "तर येऊ दे."