शेवटची लुंपिया

आमच्या बेनहूरच्या व्हॅनचं मागचं दार आतून उघडत नाही. कडी तुटली त्याला वर्ष झालं. कुणीतरी बाहेरून ओढायचं, मग आतली माणसं सुटणार. बेनहूर माझा धाकटा भाऊ. त्याला म्हटलं, दुरुस्त कर, की म्हणतो, "उद्या करतो." त्या दिवशी सकाळपासून मी त्या दारामागे कोंबून बसले होते. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तिची घडीची चाकाची खुर्ची, पायाशी पाण्याच्या बाटल्या, आणि घशात अडकलेलं एक वाक्य.

वाक्य साधं होतं. मी लग्न करतेय आणि इलोइलोला राहायला जातेय.

एक्कावन्नाव्या वर्षी! हसा, खुशाल हसा. नेस्टरनं विचारलं तेव्हा मीही हसले होते. नेस्टर विधुर आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आमच्या गल्लीत त्याची बहीण राहते, तिच्याकडे यायचा. आता तिकडे दूरच्या बेटावर, इलोइलोला घर रंगवून माझी वाट बघत बसलाय. त्याला मी शब्द दिला होता, थोरली बहीण कॅनडाहून आली की तिच्या तोंडावर सांगेन आणि मग येईन. फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. फोनवर फेलीताई आधी रडते आणि मग फोन ठेवून देते. ताई आली, तीन आठवडे राहिली, आणि मी रोज मूग गिळून गप्प. उद्या सकाळी तिचं विमान होतं. आज नाही तर ती पुन्हा येईल तेव्हा, आणि ती याआधी आली होती तेव्हा आमचे बाबा जिवंत होते.

शेवटच्या दिवशी मनिला बघायची, खायचं प्यायचं, असं ताईनं ठरवलं. जन्मली इथे, वाढली इथे, आणि निघाली आपलंच शहर बघायला, डोक्यावर गवताची हॅट घालून. ती विनिपेगला नर्स आहे. आमची शिक्षणं, बाबांचं आजारपण, घराचं छप्पर, सगळं तिनं तिकडून केलं. म्हणून ती म्हणेल तिकडे व्हॅन वळते. हे मी कुजकटपणे म्हणत नाही. बरं, थोडं म्हणते.

इंत्रामुरोसच्या कोटात ताईला घोडागाडी हवी होती. आईला चढता येईना, म्हणून ती आणि बेनहूर सावलीत थांबले. गाडीत आम्ही दोघीच. मी स्वतःला म्हटलं, लुडी, देवानंच वेळ आणलीय.

"ताई, मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की. आधी फोटो काढ. मागची भिंत आली पाहिजे हं."

काढला. एक काढला, चार काढले. गाडीवाला वळून वळून स्पॅनिश लोकांच्या गोष्टी सांगत होता, आम्हाला, मनिलाच्या पोरींना!

"आता तू इकडे बस," ताई म्हणाली. "हस ना जरा. कुणी मेल्यासारखी काय बसलीस?"

"ताई, ऐक. आईचं म्हणजे..."

"आईचंच सांगत होते तुला!" तिनं माझा हात धरला, डोळ्यांत पाणी. "तिकडे माझ्या बरोबरीच्या सगळ्या बायका आईबापाच्या काळजीनं झुरतात. मी सांगते त्यांना, मला कसली काळजी? माझी लुडी आहे. मी निवांत झोपते बघ."

मी हसले. तेवढ्यात ताईनं काढलेला तो फोटो फार छान आला म्हणे.

लुनेताच्या बागेत ताई आईला पुतळ्यापाशी घेऊन गेली आणि मी बेनहूरला आइस्क्रीमच्या गाडीमागे गाठलं. त्याला सगळं ठाऊक होतं. नेस्टरबरोबर बसून बिअर पितो तो.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तू सांग ना."

"मी? मला अजून जगायचंय."

"मग आईला तुझ्याकडे ठेवून घेशील का, एवढं तरी बोल. काविते शहरात तुझ्या घरी एक खोली रिकामी आहे."

"बायकोला विचारतो."

"कधी?"

त्यानं चीजचं आइस्क्रीम चाटलं. "उद्या."

डोक्यात अशी तिडीक गेली! त्याच्या हातातला कोन घेऊन मीच खाऊन टाकला.

बिनोंदोला पोचेपर्यंत दुपार कलली होती. गल्लीतल्या त्या जुन्या चिनी खानावळीत बाबा आम्हाला वाढदिवसाला आणायचे. ताईनं सगळं मागवलं. नूडल्स, डुकराच्या मांसाचे वाफवलेले पाव, आणि ताजी लुंपिया, पातळ पोळीत भाजी गुंडाळलेली, वर दाण्याचा कूट आणि लसणीचा गोड रस्सा. आईला मी बारीक तुकडे करून भरवत होते.

मग ताईनं चमच्यानं पेला वाजवला.

"लुडी, तुझ्यासाठी एक गंमत आहे. माळ्यावरची खोली मी दुरुस्त करून घेतेय. तुझ्यासाठी! एसी, नवा पलंग, आईला रात्री हाक मारता यावी म्हणून घंटी. सोमवारपासून माणसं येतील. आता जन्मभर सुखानं राहशील बघ."

बेनहूरनं टाळ्या वाजवल्या. वाजवल्या हो त्यानं! मग माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घातले. माझ्यासाठी मायेनं तुरुंग बांधला जात होता आणि मला थँक्यू म्हणायचं होतं.

"थँक्यू, ताई," मी म्हणाले.

ताटात एक लुंपिया उरली होती.

आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. लाज वाटते. सगळे ताटाकडे बघणार, सगळे म्हणणार, तू घे, नको तू घे, आणि तुकडा तिथेच. आमच्या घरात त्याचं शेवटी काय होतं तेही ठरलेलं. ताई म्हणाली, "लुडी, बांधून घे गं." दरवेळी हेच. मग मी ते बांधून घरी नेते आणि दुसऱ्या दिवशी आईचं सगळं आवरलं की ओट्यापाशी उभी राहून गार भाताबरोबर खाते. बारसं असो, लग्न असो, मयत असो, सगळ्यांचे शेवटचे तुकडे मी खाल्लेत, शिळे.

वाढणारी पोरगी पिशवी घेऊन आली. मी हात पुढे केला आणि लुंपिया उचलून तोंडात घातली. अख्खी. रस्सा हनुवटीवरून ओघळला. सगळे बघत राहिले.

"मी लग्न करतेय," तोंडात घास असतानाच मी म्हणाले. "नेस्टरशी. इलोइलोला जाणार आहे, याच महिन्यात. खोली नको करूस, ताई."

ताई हसली. मग बेनहूरकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"आणि आई?"

"बेनहूरकडे राहील. नाहीतर तू ठरव."

"मी ठरवू?" तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "मी तिकडे परक्या म्हाताऱ्यांना धुते, पुसते, थंडीत मरते, कुणासाठी? आणि तुला या वयात थेरं सुचतात? आईला टाकून?"

"मग ये की! ये आणि आपल्या आईला धू, पूस!"

बोलले आणि जीभ चावली. ताई पांढरी पडली. मला रडू फुटलं, पण शब्द काही मागे घेतला नाही.

तेवढ्यात आईनं माझी बाही ओढली. बाबा गेल्यापासून ती फार बोलत नाही.

"ताजी खाल्लीस?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"बरं केलंस." मग ताईकडे वळून, तक्रार केल्यासारखी म्हणाली, "ही रोज शिळं खाते."

बेनहूर व्हॅन घेऊन आला. पुढे ताई, मागे आम्ही. रस्ता तुंबलेला, प्रवासी भरलेल्या जीपनींचे भोंगे, काचेवर फुलांच्या माळा आपटणारी बाई. समुद्राकडे सूर्य बुडताना बघायचं ठरलं होतं, तिकडे कुणी वळा म्हणालं नाही. आईनं माझं मनगट धरलं आणि तशीच झोपी गेली. रात्रीही ती तशीच झोपते. सोडवायला गेलं की दचकते, म्हणून मी सोडवत नाही. म्हटलं, लुडी, वाक्य बाहेर पडलं, तू काही बाहेर पडली नाहीस.

घर आलं. बेनहूर घराचं कुलूप काढायला पुढे गेला. मी आत, दार बंद. काचेबाहेर ताई उभी होती, हॅट हातात, काजळ पसरलेलं. मग तिनं दार ओढलं.

"उतर," ती म्हणाली.

मी मनगट दाखवलं. ताई आत वाकली आणि आईची बोटं सोडवू लागली. एक सुटलं की दुसरं पुन्हा आवळायचं. आई झोपेत कण्हली. तेव्हा ताईनं आपलं मनगट तिथे सरकवलं आणि आईची मूठ त्यावर मिटली. ताईनं ओठ दाबले. मी खुर्चीकडे सरकले आणि माझ्या जागी ती बसली, गुडघे बाटल्यांत अडकलेले.

"किती घट्ट धरते गं ही," ती हळूच म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "रात्रभर."

मी खाली उतरले. हात मोकळा होता आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. दार बंद करायचं नाही एवढंच सुचलं. ते धरून मी बाहेर उभी राहिले आणि आत ताई रडत होती.