वर म्हटलं की

रविवारच्या सकाळी वॉटफर्डच्या त्या स्वयंपाकघरात पोहे गार होत होते आणि टेबलाखाली तनयाचे पाय थांबत नव्हते. एक टाच टेकली की दुसरी उचलायची. बशीतला चमचा किणकिण वाजत होता.

"खा गं," सुलक्षणा म्हणाली. "रिकाम्या पोटी धावणार आहेस का?"

"आई, माझी आवाज लेट येते."

"माझा आवाज. उशिरा येतो."

"तेच ते. हाफ अ सेकंद."

"अर्धा सेकंद?" पेपरमागून शशिधरनं विचारलं. तनयाचा बाबा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता. "माझे पेशंट तेवढ्यात अर्धे झोपलेले असतात."

"अहो, चेष्टा नका करू. आज तिचा निकाल आहे."

निकाल होता खरा. तनया पंचवीस वर्षांची, ॲश लेन लेडीज क्लबची डिफेंडर. गोलच्या पुढ्यात उभं राहायचं आणि येईल तिला अडवायचं. दोन हजार चार साल होतं, बायकांना फुटबॉल खेळायचा पगार देणारा क्लब शोधत फिरावं लागायचं. तिला तसा एक मिळाला होता, पण कॉन्ट्रॅक्ट एकाच वर्षाचं. बचावाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या तिघी होत्या, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघींनाच ठेवायचं होतं. मॅनेजर ग्रॅहम आजची लीगमधली शेवटची मॅच बघून ठरवणार होता.

ग्रॅहमनं तिला व्हिडिओ दाखवला होता. बचावातल्या चौघी एका ओळीत उभ्या. समोरची फॉरवर्ड बॉल मारला जायच्या आत या ओळीमागे गेली की ती ऑफसाइड. म्हणून नेमक्या क्षणी एकीनं ओरडायचं आणि चौघींनी एकदम दोन पावलं पुढे सरकायचं, म्हणजे फॉरवर्ड आपसूक मागे सापडते. ओरडायचं काम तनयाचं. पडद्यावर तिचं तोंड उघडत होतं, बंद होत होतं, पुन्हा उघडत होतं, आणि मग आवाज येत होता: "स्टेप!"

"हे बघ," ग्रॅहम म्हणाला होता. "आधी एकदा नुसतंच तोंड उघडतेस. त्या वेळी काय करत असतेस?"

तिनं खांदे उडवले होते. तिला माहीत होतं काय करत असते. ती भाषांतर करत असते.

जन्म इथला, शाळा इथली, झोपेतली बडबडसुद्धा इंग्रजीत. मराठी बोलताना प्रत्येक शब्द ती इंग्रजीच्या विहिरीतून शेंदून आणायची, आणि वर येईपर्यंत त्याचं लिंग हिंदकळून सांडलेलं असायचं. पण या एका शब्दाचं उलटं होतं. तिथे मराठी आधी यायचं. ओठांवर आलेला तो शब्द गिळायचा आणि मग "स्टेप" म्हणायचं, यात अर्धा सेकंद जायचा.

तो शब्द होता 'वर'.

तिनं तो मँचेस्टरला दिला होता. युनिव्हर्सिटीत फिजिओथेरपी शिकायला गेली तेव्हापासून सहा वर्षं ती अर्क लेडीजकडून खेळली. तिथल्या नदीचं नाव क्लबला. "अर्क?" शशिधर हसला होता. "सगळ्यांना भेटलो. नाव अगदी बरोबर आहे." दिवसा हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचे, संध्याकाळी चिखलात सराव. पगार नाही, बूटसुद्धा आपले आपण घ्यायचे. तिच्या शेजारी उभी राहायची डेब्ज, ट्राम चालवणारी, रुंद खांद्यांची, शिट्टीसारख्या हसण्याची.

पहिल्याच वर्षी एका मॅचमध्ये समोरच्या फॉरवर्डला यांच्या सगळ्या हाका पाठ झालेल्या. "अप" म्हटलं की ती थांबायची, मग निसटायची. तनया घाबरली, आणि घाबरल्यावर तिच्या तोंडून बाबाची हाक निघाली. लहानपणी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून तो ज्या सुरात झोपायला बोलवायचा, त्याच सुरात: "वर!" डेब्जला अर्थ कळला नाही. सूर कळला. ती पुढे सरकली, तिच्याबरोबर बाकीच्या, आणि फॉरवर्ड एकटीच मागे उभी.

"कुठली भाषा?" त्या फॉरवर्डनं चिडून विचारलं. "वेल्श आहे का?"

"हो," डेब्ज म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या वेल्श."

मग सहा वर्षं तोच शब्द. सुलक्षणा पहिल्यांदा मॅच बघायला आली तेव्हा गोऱ्या पोरी घसा फोडून ओरडत होत्या, "वर! वर!" तिनं छत्रीआड तोंड लपवलं. "अगं बाई, सगळ्यांनाच वर हवाय! माझी सोडून."

अर्क सोडताना तनया डेब्जच्या गळ्यात पडून रडली होती.

"जा," डेब्ज म्हणाली होती. "आपल्यातल्या कुणाला तरी पगार मिळू दे. पण तो शब्द आमच्याकडे राहू दे. तुझ्या नव्या पोरींना देऊ नकोस."

"राहू दे," तनया म्हणाली होती. तेव्हा ते काहीच वाटलं नव्हतं. सोडून जाताना टॉवेल विसरावा, इतकं सोपं.

आणि आजची मॅच अर्कशी होती. अर्क जिंकलं तर लीगमध्ये टिकणार होतं, नाहीतर खालच्या लीगमध्ये जाणार होतं. काल डेब्जचा फोन आला होता. "आम्हाला वर जायला शिकवलंस, आणि आता खाली ढकलायला येतेस होय गं?" हसत म्हणाली होती. तरी ते शब्द रात्रभर तनयाच्या उशीखाली कुसळासारखे टोचत होते.

सुलक्षणानं पोह्यांची बशी उचलली. लायब्ररीत पुस्तकं लावता लावता मनाशी ओव्या जुळवायची तिची जुनी सवय. आताही भांडी विसळता विसळता ती गुणगुणली:

*माझ्या गं लेकीनं, राखिलं हिरवं रान,*
*पीक दुसऱ्याचं गं, तिच्या वाट्याला तहान.*

"मीनिंग?" तनयानं विचारलं.

"काही नाही. पाण्याची बाटली घे म्हणतेय."

दुपारी मैदानावर वारा सुटला होता. कोपऱ्यातले झेंडे फडफडून काठीला गुंडाळत होते, सुटत होते, पुन्हा गुंडाळत होते. वॉर्म-अपला डेब्जनं लांबूनच हात केला. तिच्याजवळ शेली उभी होती, अर्कची फॉरवर्ड, हरणीसारखी चपळ. सहा वर्षं सरावात तनयानं तिलाच अडवलं होतं.

विसाव्या मिनिटाला बॉल आला. तनयाचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. "स्टेप!" तोवर शेली निघून गेली होती. गोल. एक-शून्य.

मध्यांतरात ग्रॅहम तिच्यापुढे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "आणखी एकदा उशीर झाला तर बाहेर घेईन. आणि बाहेर म्हणजे बाहेर. कळलं ना?"

तिला बसवेना. ड्रेसिंग रूमच्या त्या बोळकांडीत ती फेऱ्या मारू लागली, भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. पगार गेला तर पुन्हा म्हाताऱ्यांचे गुडघे, पुन्हा संध्याकाळचा उरलासुरला चिखल. सबंध दिवस फुटबॉलपटू म्हणून जगण्याची चव एकदा लागली होती. ती आता जिभेवरून पुसता येत नव्हती.

ती वळली. "ऐका," ती बचावातल्या तिघींना म्हणाली. "स्टेप विसरा. मी 'वर' म्हटलं की पुढे."

"व्हर?" डावीकडची पोर म्हणाली.

"वर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पुढे या. आणि विचार करू नका."

बोळकांडीतच दोनदा करून पाहिलं. पोरी हसल्या. तनया हसली नाही.

उत्तरार्धात बॉल आला आणि तिच्या तोंडून शब्द सुटला, गोफणीतून सुटावा तसा. "वर!" चौघी एकदम पुढे. एका श्वासाचाही उशीर नाही. तिच्या अंगावर आनंदाचा काटा आला. पण शेली त्यांच्याही आधी थांबली होती. शब्द कानावर पडताच ती दोन पावलं मागे आली, ऑफसाइडमधून अलगद सुटली, आणि तिचा फटका खांबावर आदळला.

"तॅन!" शेली हसत ओरडली. "मलाही येतं गं तुझं मराठी!"

मागून डेब्जनं दोन्ही हात पसरले. "हे काय? आमचा शब्द यांना दिलास?"

मान खाली घालून तनया जागेवर गेली. शब्द आता दोन्हीकडे होता, म्हणजे कुणाचाच राहिला नव्हता.

सत्तराव्या मिनिटाला ॲश लेननं गोल केला. एक-एक. आता बरोबरीसुद्धा अर्कला पुरणार नव्हती. पोरी वेड्यासारख्या पुढे धावू लागल्या, डेब्ज रांगड्या आवाजात ओरडत राहिली, आणि मिनिटं ओंजळीतल्या पाण्यासारखी गळत गेली.

मॅच संपत आली होती. मैदानाच्या मधल्या रेषेवर बॉल डेब्जच्या पायाशी आला. तिनं मान उचलली. शेली तनयाच्या खांद्याला लागून उभी होती, निसटायच्या तयारीत. तनयाला सगळं आधीच दिसलं. डेब्ज लांब मारणार, शेली सुटणार, आणि शेलीबरोबर धावायचं बळ आता आपल्या पायांत नाही.

डेब्जनं पाय मागे घेतला.

"वर!" तनया ओरडली.

आणि जागची हलली नाही.

उरलेल्या तिघी पुढे सरकल्या. सहा वर्षांच्या सवयीनं शेलीही थांबली, वळली, दोन पावलं मागे गेली. तनया 'वर' म्हणते म्हणजे तनया पुढे येते, यात शंका घ्यायचं तिला कधी कारणच पडलं नव्हतं. बॉल तिच्या डोक्यावरून गेला. मागे तनया एकटी उभी होती, शेतात गोफण टाकून उभ्या राहिलेल्या राखणदारणीसारखी. तिनं बॉल छातीवर घेतला आणि कुंपणापार भिरकावला.

शेलीनं रेफरीकडे पाहिलं. रेफरीला मराठी येत नव्हतं.

प्रेक्षकांत शशिधर उभा राहून टाळ्या वाजवत होता. सुलक्षणाचे हात मांडीवर होते. 'वर' म्हटलेलं तिनं ऐकलं होतं, आणि कोण गेलं नाही तेही पाहिलं होतं.

शिट्टी वाजली. ग्रॅहम धावत आला आणि त्यानं तनयाचं डोकं दोन्ही हातांत धरून हलवलं. "एवढं डोकं होतं तर वर्षभर कुठे ठेवलं होतंस? उद्या ऑफिसात ये. सही करायची आहे."

अर्कच्या पोरी गवतावर बसल्या होत्या. एक तोंडावर जर्सी ओढून रडत होती. डेब्ज मात्र उभी होती, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, एका गुडघ्यावर चिखल. तनया तिच्याजवळ गेली. मिठी मारायला उचललेले हात तिनं अर्ध्यावरच खाली घेतले.

"खोटं बोललीस," डेब्ज म्हणाली.

"मॅच होती, डेब्ज. सगळेच फसवतात. तू नाही का पायानं एकीकडे दाखवून दुसरीकडे मारत?"

"पायानं," डेब्ज म्हणाली.

वाऱ्यानं तनयाचे केस तोंडावर आले. तिनं ते बाजूला केले नाहीत. "शब्द माझा होता," ती हळूच म्हणाली.

"होता." डेब्जनं वाकून मोजे वर ओढले, आधी एक, मग दुसरा, जसं काही मॅच आता सुरू व्हायची होती. "शेलीवर रागावू नकोस हं. ती मूर्ख नाही. तुझ्यावर विश्वास होता तिचा, एवढंच." मग तिनं तनयाच्या पाठीवर थोपटलं, ट्राममधून उतरणाऱ्या अनोळखी म्हातारीला हात द्यावा तसं, आणि रडणाऱ्या पोरींना उठवायला गेली.

सोमवारी तनयानं सही केली. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. ग्रॅहमनं पेन तिलाच ठेवून घ्यायला सांगितलं. घरी सुलक्षणानं शिरा केला. मॅचबद्दल बोलत राहिला तो एकटा शशिधर.

पुढच्या रविवारी काउंटी कपची फायनल उरली होती, म्हणून मंगळवारी सराव होता. स्वच्छ ऊन पडलेलं. ग्रॅहमनं चौघींना ओळीत उभं केलं. "तोच शब्द," तो म्हणाला. "मस्त काम करतो."

तो स्वतः लांबून बॉल मारायला गेला. तनयानं पाय रोवले. बॉलकडे पाहिलं. शब्द लगेच आला, अडला नाही, गिळावा लागला नाही.

"वर!"

तिघी पुढे गेल्या. बॉल डोक्यावरून जाऊन मागे गवतात पडला, उड्या मारत मारत थांबला. डावीकडच्या पोरीनं वळून पाहिलं. तनया तिथेच उभी होती, दोन पावलं मागे, एकटी, आपल्याच पायांकडे बघत.

"अगं, तूच म्हणालीस ना?" ती पोर म्हणाली.

"हो," तनया म्हणाली. "मीच म्हणाले."