पंधरा मिनिटांचं वर्तुळ

नगरपालिकेच्या नियोजन विभागात तिला सगळे नकाशेबाई म्हणत. शहरात म्हातारी माणसं वर्षागणिक वाढत होती. त्यांना दिवसा चार तास जाऊन बसता येईल असं केंद्र कुठे काढायचं, हे ठरवायचं काम चार महिने तिच्या टेबलावर होतं. ग्रंथालयामागची रिकामी इमारत मिळाली होती. नकाशावर तिच्याभोवती एक निळं वर्तुळ होतं. त्यातला कुणीही पंधरा मिनिटांत चालत केंद्रावर पोचेल, असं संगणकाचं म्हणणं. गुरुवारी आराखडा समितीपुढे जायचा होता.

तरी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरोघरच्या पाहणीत चारशेपैकी निम्म्याहून जास्त म्हाताऱ्यांनी 'बाहेर का पडत नाही?' यापुढे 'इच्छा नाही' असं सांगितलं होतं. इतक्या माणसांची इच्छा एकदमच मेली, हे तिच्या गळी उतरेना. ती उठे, खिडकीशी जाई, परत येऊन तेच कागद चाळी.

"खुर्चीला काटे फुटलेत का, बाई?" शेजारच्या कारकुनाने विचारलं.

मंगळवारी सकाळी तिने वडिलांना गळ घातली. "बाबा, आपल्या घरापासून केंद्रापर्यंत माझ्याबरोबर चाला. मला वेळ मोजायचाय."

त्यांचं घर वर्तुळाच्या अगदी कडेवर होतं. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, तेहेतीस वर्षं शहर बस चालवलेले. अलीकडे पेपर आणि गॅलरी एवढीच त्यांची हद्द. बाहेर चला म्हटलं की "कंटाळा येतो गं" म्हणायचे. पण लेकीच्या ऑफिसचं काम म्हटल्यावर बूट पुसून तयार झाले.

पहिली पाच मिनिटं ते तरातरा चालले. मोठ्या चौकात हिरवा दिवा अठरा सेकंद टिकला. दोघं रस्त्याच्या मध्यावर असतानाच तो लाल झाला आणि एका गाडीवाल्याने कर्कश हॉर्न दिला.

"मी त्याच्या जागी असतो तर मीही वाजवला असता," बाबा म्हणाले.

पुढे त्यांचा वेग मंदावला. बसायला कुठे बाक नव्हता. एका भिंतीला टेकून ते जरा थांबले. सतरा मिनिटं झाली होती आणि अर्धीच वाट सरली होती. मग आणखी पाच मिनिटं चालले. ते सारखे डावीकडे-उजवीकडे बघत होते.

"काय झालं?"

"काही नाही. अजून किती?"

"दहा-बारा मिनिटं."

ती चार पावलं पुढे गेली आणि ते मागून येत नाहीत असं जाणवून वळली. बाबा एका लाँड्रीच्या दारापाशी उभे होते. करड्या पँटवरून एक काळपट ओघळ बुटापर्यंत उतरला होता. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. तिला हलताच येईना.

लाँड्रीवाली काउंटरमागून उठून आली. "काका, आत या, ऊन लागतंय," असं नेहमीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाली. मागची मोरी दाखवली, वर्षभर कुणी न नेलेली एक पँट हातात दिली. "पट्टा घट्ट आवळा. ज्याची आहे त्याचं पोट मोठं होतं."

बाबा आत गेल्यावर लाँड्रीवाली हळूच म्हणाली, "महिन्यातून दोघं-तिघं तरी येतात असे. पण मोरी आहे हे त्यांना बाहेरून कळणार कसं?"

परतताना टॅक्सीत बाबा म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या भावालाही नाही."

"नाही सांगणार."

घराजवळचं वळण आलं तसे ते म्हणाले, "ड्यूटीवर होतो तेव्हा कुठल्या स्टॉपला सोय आहे, मला तोंडपाठ होतं. त्या सगळ्या पाडल्या."

बुधवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. "आठ दिवस द्या. पाहणीत एक प्रश्न चुकलाय."

"चारशे घरं झाल्यावर? कुठला प्रश्न?"

बाबांना शब्द दिला होता. ती इतकंच म्हणाली, "वाटेत स्वच्छतागृह नसतं, हे कारण आपण विचारलंच नाही."

"स्वच्छतागृहं आपल्या विभागात येत नाहीत."

"माणसं येतात ना, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आठ म्हणजे आठ. नववा मागायचा नाही."

पहिल्या खेपेला माणसं सुनेसमोर, मुलासमोर तोंडी उत्तरं देत होती. या वेळी तिने बिननावाचे कागद वाटले. खूण करायची, पाकीट बंद करायचं, पेटीत टाकायचं. आठ दिवस ती पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडली. बाबांनाही एक पाकीट दिलं, पण भरलं का म्हणून विचारलं नाही. त्यांचं अक्षर ती ओळखायची, म्हणून मोजणी तिने कारकुनावर सोपवली.

मोजणी झाली त्या संध्याकाळी तो थट्टा न करता तिच्यापुढे बसला. "तीनशे एक्क्याण्णव आले. दोनशे चौदांनी स्वच्छतागृहापुढेच खूण केलीय. आणि एकाने खाली लिहिलंय, दोन वर्षं झाली, बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही."

समितीने सगळं काही दिलं नाही. बाक पुढच्या वर्षावर ढकलले. पण चौकातला दिवा बत्तीस सेकंदांचा झाला आणि केंद्राच्या वाटेवरच्या पाच दुकानांनी आपली मोरी खुली करून दारावर पाटी लावली. पहिली पाटी लाँड्रीवर लागली.

तिने घरी सांगितलं तेव्हा बाबा "चांगलं झालं" म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. केंद्र सुरू होऊन महिना लोटला तरी ते गॅलरीतून हलले नाहीत. ती विचारत नव्हती. विचारलं तर ते कायमचं नाही म्हणतील, अशी धास्ती होती.

एका शनिवारी ती आंघोळ करून बाहेर आली, तर गॅलरी रिकामी होती. दारातले बूटही नव्हते. ती जिन्याने खाली गेली, फाटकापर्यंत जाऊन वर आली. फोनमध्ये त्यांचा नंबर काढला आणि तसाच ठेवला. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारल्या, वाळलेले कपडे घडी केले, मोडले, पुन्हा घडी केले.

पावणेदोन तासांनी बाबा आले. बूट काढता काढता म्हणाले, "तिथे एक निवृत्त मास्तर येतो. पत्त्यांत लबाडी करतो. सोमवारी परत जायला लागणार."

"हो का," ती म्हणाली. ती अजून उभीच होती.